झाकणभर मऊपणा

डाग पडला की कपडा धुवायला टाकायचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण धुवायला टाकलेला धडधाकट शर्टच डाग घेऊन बाहेर आला तर तो कुठे टाकायचा, हे मला त्या दिवशी कळेना.

शर्ट फिकट निळा. ओला असताना मीच झटकून दोरीवर घातला होता, तेव्हा त्यावर काही नव्हतं. संध्याकाळी काढायला गेलो तर खिशाखाली नखाएवढा गडद ठिपका, त्याच्या शेजारी दोन बारके, आणि पोटावर एक लांबट ओघळ. बोटाने चाचपलं तर ओशट. हे डाग भारी लबाड असतात. ओलं कापड सगळंच गडद दिसतं, त्यात ते दडून बसतात. बाकीचा शर्ट वाळून उजळला की मग एकेक करून वर येतात.

तेलच असणार, असं म्हणून आधी घरातल्या प्रत्येकाच्या हातांकडे संशयाने पाहून झालं. मग इस्त्री. पण ती आठवडाभर कपाटातून बाहेरच आलेली नव्हती, म्हणजे तीही सुटली. उरलं मशीन. त्याच्या पोटात कुठेतरी वंगण गळतंय असं मी ठरवूनच टाकलं आणि दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने मशीनला हातही लावला नाही. शर्ट घेतला, नाकाशी नेला आणि म्हणाला, "साहेब, वंगण असं फुलांसारखं घमघमत नाही."

मग त्याने साबणाचा ट्रे खेचला आणि एक खटका दाबून तो अख्खा बाहेर काढला. तो असा निघतो हे इतक्या वर्षांत मला माहीतच नव्हतं. सॉफ्टनरच्या, म्हणजे कपडे मऊ करणाऱ्या द्रवाच्या खणात, छोट्या टोपणाखाली, भर सर्दीची आठवण करून देणारा निळसर, घट्ट साका बसला होता. त्याने बोटाने थोडा उचलून मला दाखवला. मी मान फिरवली. डाग माझ्याच बाटलीचा होता.

आईने हे सगळं दारात उभं राहून ऐकलं. तिने आयुष्यात सॉफ्टनरला हात लावलेला नाही. "किती ओततोस रे?" तिने विचारलं. झाकणभर, मी म्हणालो. झाकणाच्या आतल्या बाजूला मापाची रेघ असते आणि ती बरीच खाली असते, हे मला तेव्हाच दिसलं. मी काठोकाठ भरत होतो, वर वास छान येतो म्हणून थोडं आणखी. एकदा तर खणात ओतायचं विसरलो आणि मशीन थांबवून थेट कपड्यांवरच धार धरली. पोटावरचा ओघळ कुठून आला, ते सांगायला नकोच. "मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये," एवढं बोलून आई आत गेली.

मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. सॉफ्टनर म्हणजे मुळात ओशटपणाच असतो. त्यातले मुख्य रेणू स्निग्ध पदार्थांपासून बनतात. पूर्वी त्यासाठी जनावराची चरबी सर्रास वापरली जायची. 1990च्या दशकात युरोपात त्या जुन्या रसायनांच्या जागी निसर्गात लवकर विघटन होणारी एस्टरक्वॅट आली, पण चरबीची शेपटी काही सुटली नाही. या रेणूचं डोकं धनभारित, आणि पाण्यातलं सुती कापड ऋणभारित. डोकं धाग्याला घट्ट चिकटतं, स्निग्ध शेपट्या बाहेर राहतात आणि धागे एकमेकांवरून अलगद घसरतात. हाताला जो मऊपणा लागतो तो हाच. शर्टभर पातळ पसरला तर मऊपणा, एका जागी साचला तर डाग. वस्तू एकच.

आणि साबण नेमका उलट्या भाराचा. दोघं एका पाण्यात नांदत नाहीत, भेटले की एकमेकांना धरून चिकट गुठळ्या करतात. म्हणून सॉफ्टनरची पाळी साबण निघून गेल्यावर, शेवटच्या खळबळीला. पुढून उघडणाऱ्या मशीनमध्ये ती पाळी सांभाळतं ते ट्रेमधलं टोपण. त्याच्या आत शाळेत शिकलेली वक्रनलिका असते. मशीन वेळ झाली की खणात पाणी सोडतं, पाणी नळीच्या वर चढलं की आतलं सगळं ओढून खाली जातं. खण 'मॅक्स'ची रेघ ओलांडून भरला की ही ओढ आधीच सुरू होते आणि सॉफ्टनर साबणाच्याच पाण्यात उतरतो. मी हे नेमाने, दर धुण्याला करत होतो.

डाग काढायला मी आधी काय केलं असेल? शर्ट पुन्हा मशीनमध्ये टाकला आणि सवयीने पुन्हा सॉफ्टनर घातला. असो.

खरा उपाय आईने सांगितला, साबणाची वडी. शास्त्र तिच्या बाजूने आहे हे तिला माहीत नाही, माहीत असतं तरी तिला फरक पडला नसता. कापडाच्या लेबलवर चालेल असं लिहिलंय तितक्या कोमट पाण्यात डाग भिजवायचा. त्यावर साधी, रंग नसलेली वडी फिरवायची, बोटाने हलकं चोळायचं आणि दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवायचं. चोळताना आधी बुळबुळीत लागतं, साबण धड फेसही धरत नाही. मग थोडा पांढरा फेस उठतो, तेव्हा समजायचं की पकड सुटायला लागली. मग भरपूर पाण्यात खळबळून काढायचं आणि सॉफ्टनरशिवाय धुवायचं. घाई करायची नाही ती वाळवताना. डाग पूर्ण गेल्याची खात्री होईपर्यंत इस्त्री नाही, ड्रायर नाही, कारण उष्णतेने तो कापडात मुरतो. आणि खात्री वाळल्यावरच होते. माझा शर्ट तिसऱ्या खेपेला सुटला. रेशमी किंवा लोकरी कपड्यावर मात्र असं चोळत बसू नये. कुणी पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून लावतात, त्यानेही काम होतं, फक्त ते ब्लीचच्या आसपास फिरकू द्यायचं नाही. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

आता ट्रे मी महिन्यातून एकदा काढतो आणि गरम पाणी व जुना टूथब्रश घेऊन बसतो. मशीन गळ्यापर्यंत भरत नाही. कपड्यांना हलायला जागा नसली की सॉफ्टनर जिथे पडतो तिथेच बसतो. बाटलीतलं फार घट्ट झालं असेल तर खणात थोडं पाणी घालून पातळ करतो. खेळताना घालायचे कपडे, मायक्रोफायबरची फडकी आणि आग न पकडणारे लहान मुलांचे रात्रीचे कपडे या यादीतून बाद केलेत. शेवटच्या कपड्यांवर ओशट थर चढला तर आग रोखण्याचा गुणच कमी होऊ शकतो.

टॉवेलही बादच करायचे होते, पण तिथे जीव अडकला. मऊ टॉवेलचं मला वेड आहे. मग एक दिवस टॉवेलवर पाण्याचा थेंब सोडून पाहिला. तो मोत्यासारखा वरच बसून राहिला, आत जायचं नाव घेईना. अंग पुसायला घेतलेल्या वस्तूने पाण्याशी असं वागावं? म्हणजे इतके महिने आंघोळीनंतर मी पाणी नुसतं इकडचं तिकडे सारत होतो तर.

सॉफ्टनर बंद केल्यावर टॉवेल दोरीवरून निघतो तो पुठ्ठ्यासारखा. यात साबण राहिला असेल किंवा पाणी जड असेल, असं मी समजत होतो. 2020 साली जपानमधल्या होक्काइदो विद्यापीठाच्या आणि काओ कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की वाळलेल्या सुती धाग्यांवरही थोडं पाणी चिकटून राहतं आणि तेच धाग्यांना एकमेकांशी गोंदासारखं जोडतं. टॉवेल ताठ होतो तो पाण्यानेच.

आई हे न वाचताच टॉवेल दोन्ही हातांत धरून तीन-चारदा जोरात झटकते, मग मधोमध धरून कपडा पिळल्यासारखा कोरडाच मुरगाळते. गोंद तुटत जातो. पुठ्ठ्याचा आधी जाड कागद होतो, मग टॉवेल. अजून खरखरीतच असतो. परवा मी तक्रार केली तर तिने तोच टॉवेल माझ्या ओल्या केसांवर टाकला आणि दोन्ही हातांनी खसाखसा पुसून दिलं. केस कोरडे झाले. कान अजून लाल आहेत.