डोक्यावर गाईची शिंगं

"उद्या पाचला उठायचं हं. मला तयार व्हायला वेळ लागतो," नामिबियाच्या राजधानीत, विंडहुकमध्ये, काकूंनी रात्रीच बजावलं होतं. मी त्यांच्या घरी चार दिवस राहात होते. त्या तिथल्या हेरेरो जमातीच्या. दोघी मोडक्यातोडक्या इंग्रजीतच बोलायचो, पण वयाने आणि मायेने त्या माझ्या काकूच झाल्या होत्या.

पहाटे त्यांच्या खोलीत गेले तर पलंगभर परकर पसरलेले. एकावर एक त्यांनी पाच चढवले. मग वरून लालभडक झगा: गळाबंद, खांद्याशी फुगलेल्या बाह्या, कंबर जरा वर घेतलेली आणि खाली जमिनीला टेकणारा घोळच घोळ. एका झग्याला दहाएक मीटर कापड लागतं म्हणाल्या. ऑगस्टमध्ये तिकडे पहाटे चांगलीच थंडी असते, तरी मला बघूनच घाम फुटला.

आणि मग डोक्याचं. त्याला म्हणतात ओचिकाइवा. काकूंनी जुन्या वर्तमानपत्राची घट्ट सुरळी केली, तिच्याभोवती झग्याच्याच कापडाची पट्टी गुंडाळली आणि एक टोक माझ्या हातात दिलं. "ओढून धर. सैल पडलं तर शिंग वाकतं." मी धरलं. त्यांची बोटं घड्या दाबत, टाचण्या लावत डावीकडून उजवीकडे सरकत होती. दहा मिनिटांत कपाळावर दोन्ही बाजूंना निमुळती होत गेलेली आडवी शिंगं उभी राहिली. गाईची शिंगं! हेरेरो मुळात गोपालक; त्यांचं वैभव मोजायचं ते गाईगुरांत. माझं माहेर वर्ध्याकडचं. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून त्यांना बेगड लावताना वडिलांचा चेहरा जसा व्हायचा, तसा काकूंचा आरशासमोर झाला होता.

हा झगा आला जर्मन मिशनऱ्यांबरोबर. ऱ्हेनिश मिशनचे लोक 1844 मध्ये हेरेरो मुलखात आले, त्यांच्या बायका युरोपात तेव्हा घालत तसले पायघोळ झगे घालत, आणि तेच शिवण त्यांनी इथल्या बायकांना शिकवलं. त्याआधी हेरेरो बायका चामडं नेसत. डोक्यावर चामड्याचीच तीन टोकांची एकोरी असे. पुढे जर्मन राजवट आली, जमिनी आणि गुरं गेली, 1904 मध्ये हेरेरो उठले. वॉटरबर्गच्या लढाईनंतर त्यांना ओमाहेके वाळवंटात हाकललं, आणि 2 ऑक्टोबर 1904 ला जनरल फॉन ट्रोथाने हुकूम काढला की जर्मन हद्दीत दिसेल तो हेरेरो गोळीने मारला जाईल. तहानेने, गोळ्यांनी, छावण्यांमध्ये निम्म्याहून अधिक जमात संपली.

मग त्यांचाच झगा का? हा प्रश्न मला रात्रभर टोचत होता. ओकाहांद्या गावाच्या रस्त्यावर, गाडीत, शेवटी विचारलाच. विंडहुकहून उत्तरेला 70 किलोमीटरचा रस्ता. काकू पुढच्या सीटवर जरा तिरक्या बसलेल्या, कारण शिंग खिडकीला लागत होतं. त्या थोडा वेळ बाहेर बघत राहिल्या.

"त्यांचा होता तेव्हा त्याला शिंगं नव्हती," त्या म्हणाल्या.

मी पुढे काही विचारलं नाही.

त्या दिवशी ओकाहांद्यात हेरेरो दिन होता. त्यांचा पुढारी सॅम्युएल महारेरो परागंदा होऊन बेचुआनालँडात, म्हणजे आजच्या बोत्स्वानात, वारला. त्याचा देह ऑगस्ट 1923 मध्ये इथे आणून वाडवडिलांशेजारी पुरला. तेव्हापासून दरवर्षी लोक इथे जमतात. पुरुष लष्करी गणवेशात, खांद्यावर पट्टे, रांगेत कवायत करत. तोही जर्मन फौजेचाच घाट. आणि बायका! लाल झग्यांची नदीच वाहात होती. महारेरोंच्या माणसांचा रंग लाल, ओमारुरू गावाकडच्यांचा पांढरा, म्बांदेरू शाखेचा हिरवा. धुळीतून कुणी घाईने चालत नव्हतं. या झग्यात घाई करायचीच नसते. गाय चालते तसं, संथ, मान ताठ ठेवून चालायचं, असं काकूंनी मला करून दाखवलं होतं. थडग्यांपाशी त्या गुडघ्यांवर बसल्या, दगडाला हात लावला. घोळ धुळीत पसरला, तो त्यांनी सावरला नाही.

पुढच्या आठवड्यात मी उत्तरेला कुनेनेकडे, हिंबा जमातीच्या वस्तीत गेले. भाषा हेरेरोच, नात्यातलेच लोक, पण तिथे कापड नाही: अंगाला आणि केसांना लोणी व गेरूचा लेप, ओचिझे, छातीवर आईकडून लेकीकडे आलेला मोठा पांढरा शंख. त्यावर वेगळं लिहीन. एका परिच्छेदात उरकावं असं ते नाही.

ओकाहांद्याहून परतताना मी काकूंना फोनवर आजीचा नऊवारीतला फोटो दाखवला. त्यांनी तो दोन बोटांनी मोठा करून काष्ट्याच्या निऱ्या नीट न्याहाळल्या. "किती कापड?" मी म्हटलं, नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटर. त्यांनी मनातल्या मनात हिशोब केला आणि विचारलं, "आणि डोक्याला?" पदर, मी म्हणाले, त्याच कापडाचा. त्यांनी मान हलवली आणि घर येईपर्यंत फोन हातातच ठेवला.