अनियतकालिकं जपायची तर बाइंडर टाळा

लघुअनियतकालिकांचा, म्हणजे लेखक-कवींनी स्वतःच जमेल तेव्हा काढलेल्या छोट्या नियतकालिकांचा, गठ्ठा हाती लागला की पहिला विचार येतो बाइंडिंगचा. करू नका. बाइंडर कडा छाटतो, सगळ्यांत लहान अंकाच्या मापाने मोठे अंक कापतो, अनेकदा मुखपृष्ठही काढून टाकतो. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांचं ‘शब्द’, अशोक शहाण्यांचं ‘असो’, राजा ढाल्यांचं ‘येरू’ या घराण्यातल्या अंकांवर तारीख-क्रमांकाचा भरवसा नसतो. मग काळ ठरवायचा तो रॅपरवरच्या पोस्टाच्या शिक्क्यावरून, आत सरकवलेल्या वर्गणीच्या चिठ्ठीवरून, मलपृष्ठावरच्या छापखान्याच्या ओळीवरून. फेकलं जातं नेमकं हेच. चिठ्ठी ज्या पानांत सापडली ते पेन्सिलीने टिपून ठेवा.

गंजलेल्या पिना आधी काढा. स्टेपल रिमूव्हर नको, ठिसूळ कागद फाटतो. मागच्या बाजूने पिनेचे पाय बोथट पात्याने उभे करा, पात्याखाली प्लास्टिकची पट्टी ठेवा. मग जुन्याच भोकांतून सुती दोरा ओवा. फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीच नाही: चिकटा कागदात मुरतो, डाग जात नाही. पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ पुरते. लॅमिनेशन हा तर गुन्हाच.

सायक्लोस्टाइल अंकांची (मेणकागदाच्या स्टेन्सिलवर अक्षरं कोरून त्यातून शाईने काढलेल्या अंकांची) दुसरी प्रत मिळाली तर डुप्लिकेट म्हणून देऊन टाकू नका. प्रती काढता काढता स्टेन्सिल फाटत जाते. अक्षराच्या पोटातला मेणकागद गळाला की ते भरून येतं, आणि ‘ब’ आणि ‘व’ सारखेच दिसू लागतात. कवितेत एवढ्याने शब्द बदलतो. खरा पाठ, म्हणजे मूळ शब्द, दोन-तीन प्रती शेजारी ठेवल्यावरच कळतो. शाईतलं तेल पसरून अक्षरांभोवती पिवळी कड येते, ती पुसायच्या भानगडीत पडू नका.

कसर दिसली तर अंक प्लास्टिक पिशवीत हवाबंद करून उणे 18 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद राहू द्या, नाहीतर गार कागदावर दव धरतं. बुरशी याने मरत नाही. तिला कोरडी, खेळती हवाच लागते. पावसाळ्यात कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. अंक आडवेच ठेवा, ॲसिडविरहित कागदाच्या पाकिटात. पीव्हीसीचे फोल्डर शाई ओढून घेतात.

स्कॅन रंगीत, 400 डीपीआय, टिफ (TIFF) फाइलमध्ये. पानामागे काळा कागद धरला की पलीकडची छपाई झिरपून दिसत नाही. कोरी पानंही स्कॅन करा, नाहीतर पान गळालंय की मुळातच कोरं होतं, हे पुढच्याला कळणार नाही.

स्कॅन नेटवर टाकायला मात्र संपादकाची परवानगी सहसा पुरत नाही. हक्क मुळात कवीचा, आणि तो मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो: कोलटकर 2004 साली गेले, म्हणजे 2064 संपेपर्यंत. अनुक्रमणिकेची यादी करून टाकायला मात्र कुणाची हरकत नसावी, आणि अभ्यासकाला बहुतेक वेळा तीच हवी असते.