नफ्यावर कर, तोट्याला वाली नाही

विवरणपत्रे भरण्याच्या हंगामात माझ्या सांगलीच्या कार्यालयात जी तरुण मंडळी येतात, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या मोबाइलमध्ये आता क्रिप्टोचे, म्हणजे आभासी चलनाचे, एखादे तरी ॲप असते. कुणी तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्याचा मुलगा असतो, कुणी पुण्यात आयटीत नोकरी करणारा, कुणी कुपवाडच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारा. पगाराचे आणि धंद्याचे कागद दाखवून झाले की उठता उठता प्रश्न येतो, "साहेब, थोडं कॉइनचं पण आहे. ते दाखवायलाच लागतंय का?" काहींचे म्हणणे असते की सरकार कर घेते म्हणजे क्रिप्टोला मान्यता मिळालीच आहे, काहींना वाटते की मान्यताच नाही तर कर कसला मागता, आणि बाजारात येणारे नवे कॉइन पहिल्याच दिवशी स्वस्तात उचलले की कराचा प्रश्न किरकोळ ठरतो, असे मानणारेही पुष्कळ आहेत. मला या सर्वांना एकच गोष्ट सांगायची असते. कॉइनची निवड आणि कराचे गणित या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. आपल्याकडच्या कायद्याची रचनाच अशी आहे की रोज नव्या कॉइनमध्ये उडी मारणाऱ्याला तो सर्वांत महाग पडतो, आणि आपल्या भागातील बहुतेक जण नेमके तेच करत आहेत.

मान्यतेचा मुद्दा लवकर मिटण्यासारखा आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये परिपत्रक काढून बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांशी संबंध ठेवण्यास मनाई केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केले. पुढे २०२२ च्या अर्थसंकल्पात या मालमत्तांवर कर बसवण्यात आला. त्याच महिन्यात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी राज्यसभेत स्पष्ट केले की या टप्प्यावर आपण क्रिप्टोला कायदेशीर ठरवत नाही आणि त्यावर बंदीही घालत नाही. नफ्यावर कर लावण्याचा अधिकार सरकारला आहे, एवढेच. म्हणजे व्यवहार करणे गुन्हा नाही, कर द्यावा लागतो, पण शेअर बाजारातील गुंतवणूकदाराला जसे सेबीचे दार ठोठावता येते तसे येथे ठोठावण्याजोगे दार नाही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजवरून, म्हणजे कॉइनच्या खरेदी-विक्रीच्या मंचावरून, सुमारे तेवीस कोटी डॉलर किमतीचे कॉइन चोरीला गेले. त्यानंतर तेथील ग्राहकांची शिल्लक दीर्घकाळ अडकून पडली, तेव्हा या पोकळीचा अर्थ अनेकांना कळला.

आता कराकडे येतो, कारण गैरसमज तेथे अधिक आहेत. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ११५बीबीएचनुसार क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ३१.२ टक्के. कॉइन किती दिवस ठेवले याला महत्त्व नाही. वर्षभर ठेवा अथवा तासाभरात विका, दर तोच. खरेदीची किंमत सोडून कोणताही खर्च वजा होत नाही. कलम १९४एसनुसार १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ करकपात, कापला जातो. आणि या सर्वांत जाचक तरतूद अशी, की एका कॉइनमधील तोटा दुसऱ्या कॉइनच्या नफ्यातून वजा करता येत नाही, तसेच तो पुढच्या वर्षी ओढताही येत नाही.

हे वाचून कळते, पण कागदावर मांडल्याशिवाय उमगत नाही, असा माझा अनुभव आहे. एका बेदाणा व्यापाऱ्याच्या मुलाने आपल्या एक्सचेंजचा वर्षाचा उतारा छापून आणला होता. ओळख लपवण्यासाठी आकडे थोडे बदलतो. एक कॉइन त्याने ६०,००० रुपयांना घेऊन १,००,००० रुपयांना विकले, नफा ४०,०००. दुसरे ८०,००० रुपयांना घेतले आणि ते कोसळल्यावर घाबरून ३५,००० रुपयांना काढले; तोटा ४५,०००. त्याच्या मनातला हिशेब सरळ होता. वर्षाची गोळाबेरीज पाच हजार रुपये उणे, तेव्हा कराचा प्रश्न येतोच कुठे? मी त्याच्यापुढे कागद घेऊन मांडले. कर ४०,००० रुपयांवर आहे, तो १२,४८० रुपये होतो. दोन्ही विक्रींवर मिळून टीडीएस कापला गेला १,३५० रुपये, तो वजा जाता भरायचे राहिले ११,१३० रुपये. पाच हजारांचा तोटा कर भरल्यानंतर साडेसतरा हजारांच्या जवळ गेला. तो बराच वेळ त्या कागदाकडे पाहत बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे दोनातलं एक बरोबर येऊनसुद्धा मीच बुडालो?" या प्रश्नाला 'हो' म्हणणे मला जड गेले, कारण त्याने काही लपवले नव्हते.

ही तरतूद अन्यायाची आहे असे माझे ठाम मत आहे. शेअरमधील तोटा नियमांच्या चौकटीत नफ्यातून वजा होतो आणि उरलेला आठ वर्षे पुढे ओढता येतो. जोखीम अधिक असलेल्या मालमत्तेला ती सवलत नाकारून सरकारला लोकांना परावृत्त करायचे असेल, तर तो हेतू सफल झालेला नाही. लोक थांबले नाहीत, ते परदेशी एक्सचेंजकडे आणि परस्पर व्यवहारांकडे वळले. एक टक्का टीडीएसचेही तसेच. एखाद्याने तेच पन्नास हजार रुपये वर्षात चाळीस वेळा फिरवले तर विक्रीची उलाढाल वीस लाख होते आणि वीस हजार रुपये टीडीएसमध्ये अडकतात. विवरणपत्र भरल्यावर ते कराच्या हिशेबात धरले जातात किंवा परत मिळतात हे खरे, पण तोवर भांडवलाचा मोठा हिस्सा हातात नसतो. एक कॉइन देऊन दुसरे घेतले तरी तो कायद्याने व्यवहारच आहे, त्यात रुपया हातात आला नाही तरी कर लागू होतो, हेही अनेकांना ठाऊक नसते.

अशा रचनेत नवे कॉइन घेणाऱ्याची अवस्था काय होते, ते पाहा. नव्या दहा कॉइनपैकी आठ-नऊ बुडणार हे ती घेणारे स्वतःच मान्य करतात. त्यांची आशा त्या एका कॉइनवर असते, जे दहापट होईल. पण कर त्या एकावर पूर्ण लागतो आणि बाकीच्या आठ-नऊंचा तोटा कायद्याच्या लेखी नसतोच.

विट्याचे एक आण्णा आपल्या मुलाला घेऊन आले होते. विटा, खानापूर, आटपाडी या भागातील गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्यासाठी देशभर पसरलेले आहेत आणि आण्णांचेही आयुष्य दक्षिणेत भट्टीपुढे गेलेले. मुलाने एका नव्या कॉइनमध्ये दीड लाख गुंतवायचे ठरवले होते. आण्णांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "पोरगं म्हणतंय सोन्यापेक्षा जास्त मिळतंय. मिळत असंल. पण ह्याचा टंच काढतंय कोण?"

टंच म्हणजे सोन्याच्या शुद्धतेचा कस. मी आजवर ऐकलेल्या प्रश्नांत हा सर्वांत नेमका आहे. आज नवे कॉइन काढायला काही मिनिटे आणि किरकोळ खर्च पुरतो. संगणकाची भाषा (कोडिंग) येण्याचीही गरज राहिलेली नाही. काढणारा माणूस शंभर कोटी कॉइन तयार करतो, त्यांतले थोडे बाजारात सोडतो आणि बाकीचे स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे डिजिटल पाकिटात, ठेवतो. बाजारात असलेल्या थोड्या कॉइनवर मागणी आली की भाव वर जातो, आणि त्या भावाने उरलेल्या सगळ्या कॉइनची किंमत गुणून हजारो कोटींचा आकडा दाखवला जातो, जरी तेवढ्या किमतीला घेणारा कुणीही अस्तित्वात नसला तरी. टंच काढायचा तर तो येथेच निघतो, आणि सुदैवाने तो कुणालाही काढता येतो, कारण ब्लॉकचेन या व्यवहारांच्या डिजिटल खातेवहीतील नोंदी उघड्या असतात. आण्णांसमोरच आम्ही त्या कॉइनचे पान उघडून धारकांची यादी काढली. पहिल्या दहा पत्त्यांकडे मिळून ऐंशी टक्क्यांहून अधिक कॉइन होते. कॉइन विकणाऱ्यांना पैसे देण्यासाठी बाजारात ठेवलेली रोकड किती काळ अडकवून ठेवली आहे, या रकान्यात काहीही नव्हते. म्हणजे काढणारा ती केव्हाही उचलून जाऊ शकत होता. आण्णांनी यादीवर बोट ठेवून मुलाला एवढेच विचारले, "ह्यांनी विकायला काढलं तर घेणारा कोण, तू?" मुलाने पैसे गुंतवले नाहीत.

अशी उदाहरणे जगाच्या पाठीवर कमी नाहीत. एका गाजलेल्या कोरियन मालिकेचे नाव उचलून २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस 'स्क्विड' नावाचे कॉइन निघाले. काही दिवसांत ते २,८०० डॉलरच्या वर गेले आणि १ नोव्हेंबरला काही मिनिटांत शून्यावर आले. बहुतेकांना ते विकताच येत नव्हते, कारण विक्रीची वाट मुळातच बंद करून ठेवलेली होती. जानेवारी २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या नावाचे कॉइन दोन दिवसांत सत्तर डॉलरच्या पुढे गेले आणि मार्चमध्ये पंधराच्या खाली होते. त्याच्या एकूण पुरवठ्यापैकी ८० टक्के ट्रम्प यांच्याशी संबंधित कंपन्यांकडे राखून ठेवलेले होते, आणि ही गोष्ट पहिल्या दिवसापासून जाहीर होती. महाराष्ट्राला तर गेनबिटकॉइनचा अनुभव आहे. दरमहा दहा टक्के परतावा, तोही बिटकॉइनमध्ये, असे आश्वासन देऊन पैसे गोळा करण्यात आले आणि बिटकॉइन द्यायला जमेना तेव्हा गुंतवणूकदारांच्या हाती एमकॅप नावाचे घरचेच नवे कॉइन टेकवण्यात आले. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये सूत्रधाराला अटक केली. आपल्या वाळवा तालुक्यातून सुरू झालेले, कोंबडीपालनातून मोठ्या परताव्याचे आमिष दाखवणारे २०१९ चे कडकनाथ कोंबड्यांचे प्रकरण ज्यांनी जवळून पाहिले, त्यांना यातली मांडणी ओळखीची वाटेल.

पाय नेटवर्कविषयी मला वारंवार विचारले जाते, कारण आपल्या गावागावांत ते पोहोचलेले आहे. २०१९ पासून लोक फुकट कॉइन मिळवण्यासाठी त्याच्या ॲपवर रोज एक बटण दाबत आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते खुल्या बाजारात आले, महिनाअखेरीस तीन डॉलरच्या जवळ गेले आणि एप्रिलपर्यंत एका डॉलरखाली उतरले. त्यात पैसे गुंतवलेले नसल्याने फार कुणी बुडाले नाही, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. मात्र विकून पैसे आले असतील, तर खरेदीची किंमत दाखवण्यासारखी नसते आणि मोबाइल-इंटरनेटचा खर्च वजा होत नाही, त्यामुळे जवळजवळ सगळी रक्कम करपात्र धरावी लागते.

बिटकॉइनला मी या पंगतीत बसवत नाही. त्याची संख्या दोन कोटी दहा लाखांवर बांधलेली आहे, ते कुणा एकाच्या वॉलेटमधून बाहेर पडलेले नाही आणि २००९ पासून ते चालू आहे. तरीही नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९,००० डॉलरच्या आसपास असलेला भाव वर्षभरात सोळा हजारांच्या खाली गेला होता, हे लक्षात ठेवून ज्याला परवडेल त्याने घ्यावे. घेऊन शांत बसणाऱ्याला आपला कर तुलनेने कमी बोचतो, कारण व्यवहार कमी, टीडीएस कमी आणि तोट्यात विकण्याचे प्रसंगही कमी.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती कर चुकवण्यासाठी परस्पर व्यवहार करणाऱ्यांची. डॉलरच्या भावाशी बांधलेले युएसडीटी नावाचे कॉइन अनोळखी माणसाला विकायचे आणि रक्कम थेट बँक खात्यात घ्यायची, हा प्रकार आपल्याकडे वाढला आहे. समोरून आलेले पैसे एखाद्या सायबर फसवणुकीतले निघाले, तर तक्रार होते दुसऱ्या राज्यात आणि खाते गोठते येथे. मिरजेच्या एका तरुणाचे असे झाले. अठ्ठावीस हजारांच्या एका जमेपायी त्याचे पगाराचे खाते अडकले, घराचा हप्ता चुकला आणि कधी न पाहिलेल्या शहरातल्या सायबर पोलिसांना पत्रे लिहिण्यात त्याचे महिने गेले. त्याच्यापाशी विक्रीचा पुरावा म्हणून चॅटचे दोन-तीन स्क्रीनशॉट होते, बाकी काही नाही. रीतसर एक्सचेंजवर विकले असते तर त्याला कापला गेलेला टीडीएस म्हणजे २८० रुपये.

लपून राहील ही समजूतही आता सोडून द्यायला हवी. मार्च २०२३ पासून क्रिप्टो एक्सचेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या कक्षेत आहेत; परदेशी एक्सचेंजनाही नोंदणी करावी लागली आणि जून २०२४ मध्ये बायनान्सला १८ कोटी ८२ लाख रुपयांचा दंड झाला. कापलेला प्रत्येक टीडीएस आपल्या एआयएसमध्ये, म्हणजे आयकर विभागाच्या वार्षिक माहितीपत्रकात, दिसतो. ज्यांनी मागील वर्षांत हे उत्पन्न दाखवले नसेल, त्यांना अद्ययावत म्हणजे अपडेटेड विवरणपत्राचा मार्ग आहे. त्याची मुदत २०२५ च्या वित्त कायद्याने दोन वर्षांवरून चार वर्षांवर नेली. पहिल्या वर्षी कर आणि व्याजावर २५ टक्के जादा रक्कम भरावी लागते, दुसऱ्या वर्षी ५०, मग ६० आणि शेवटी ७०. आर्थिक वर्ष २०२२-२३ साठी ही मुदत ३१ मार्च २०२८ पर्यंत आहे. विभागाने आधीच कारवाई सुरू केली असेल तर मात्र हा मार्ग बंद होऊ शकतो. येताना एक्सचेंजचा संपूर्ण उतारा आणावा, केवळ नफ्याच्या ओळी नव्हेत; कॉइन एका वॉलेटमधून दुसऱ्यात हलवले असतील तर त्यांच्या तारखा आणाव्यात; आणि विवरणपत्र आयटीआर-१ मध्ये भरण्याचा आग्रह धरू नये, कारण क्रिप्टोचा तक्ता आयटीआर-२ आणि आयटीआर-३ मध्येच आहे.