येऊरच्या पावसातले खोपे

जुलैमधल्या एका रविवारी ठाणे स्थानकाहून येऊरची पहिली बस पकडली तेव्हा मनात एकच पक्षी होता, तो म्हणजे नवरंग. पावसाळ्यात तो विणीसाठी या जंगलात येतो. त्याची दोन सुरांची शीळ तीनदा ऐकू आली. पक्षी काही दिसला नाही. त्यातच दुर्बिणीच्या काचांवर वाफ धरली आणि रुमाल आधीच भिजलेला असल्यामुळे ती पुसणेही व्यर्थ ठरले. पावशा मात्र 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' असा धोशा लावून बसला होता, जरी समोरच्या खाचरांत पेरणी होऊन लावणीसुद्धा निम्मी उरकलेली होती.

पाड्याच्या खालच्या अंगाला, ओढ्यावर झुकलेल्या शिंदीला सुगरणीचे चौदा खोपे लटकत होते, आणि पुढचे दोन तास मी तिथून हललो नाही. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून सुगरण बहुधा झाडाची पूर्वेकडची बाजू निवडते. मीही छत्री सावरत त्याच आडोशाला उभा होतो. पिवळ्या माथ्याचे नर भाताच्या पातीच्या कडेला चोचीने खाच पाडायचे आणि उडता उडता तिची लांब पट्टी सोलून आणायचे. पाच खोपे अर्धवट, शिरस्त्राणाच्या आकाराचे होते. मादी येते ती याच टप्प्यावर. ती आतल्या आडव्या पट्टीवर बसते, वीण ओढून पाहते आणि घर पसंत पडले तरच नर पुढची नळी विणून ते पूर्ण करतो.

आपल्या भाषेने नाव स्त्रीलिंगी दिले आणि कौतुकही त्या नावाचेच केले. विणणारा नर मात्र बिननावाचा राहिला. सलीम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरणींच्या वसाहतीचे निरीक्षण केले, तेव्हा एका मादीचा संसार मार्गी लागताच नर दुसरा खोपा विणायला घेतो, हे त्यांच्या लक्षात आले. म्हणजे कारागिरी निर्विवाद, निष्ठेविषयी न बोललेलेच बरे.

इरले पाठीवर घेऊन लावणीला निघालेल्या एका मावशींनी विचारले, "काय बघतोस रे एवढं?" मी बोट दाखवले. "तो टोकाचा ना? त्याच्याकडे परवापासून कोणी फिरकलं नाही," त्या म्हणाल्या आणि खाचरात उतरल्या.

त्यानंतर त्या टोकाच्या खोप्यावर एक मादी खरेच आली. नर पंख फडफडवत उलटा लटकला, ती क्षणभर आत शिरली, बाहेर आली आणि शेजारच्या खोप्याकडे निघून गेली. पावसाची मोठी सर आली, तसे सगळे नर शिंदीच्या झावळ्यांत दडले. सर ओसरल्यावर टोकाचा तो नर परतला तो चोचीत हिरवी पट्टी घेऊनच. पण जुन्या खोप्याकडे न वळता त्याने पलीकडच्या झावळीच्या टोकाला पहिली गाठ मारायला घेतली.