मत कोणाचे, पुस्तक कोणाचे

सार्वजनिक वाचनालयातल्या पुस्तकाचे शेवटचे कोरे पान ही मराठी वाचकाची मत नोंदवण्याची जुनी जागा आहे. पुस्तकात काही लिहू नये हा नियम प्रत्येक वाचनालयात असतो आणि तो योग्यच आहे; तरीही त्या पानावर पेन्सिलीने लिहिलेले 'अप्रतिम', 'वेळ फुकट गेला', 'शेवट पटला नाही' असे शेरे सापडतात, आणि कधी एकाच्या शेऱ्याखाली दुसऱ्याने दिलेले उत्तरही सापडते. आमच्या गावच्या वाचनालयात मी संध्याकाळी देवघेव विभागाचे काम पाहते. त्यामुळे हे शेरे माझ्या हाताखालून जातात आणि पुस्तक परत करताना सभासद तोंडी जे सांगतात तेही ऐकायला मिळते. या सगळ्यावरून माझी एक धारणा पक्की झाली आहे: वाचकाचे मत मोलाचे असतेच, पण ते कोणी, कोणत्या वयात आणि कशासाठी वाचून दिले हे कळल्याशिवाय पुढच्या वाचकाला त्याचा फारसा उपयोग होत नाही. कादंबऱ्या, मुलांच्या गोष्टी आणि अभिनयाच्या क्षेत्रात जाऊ पाहणारी मुले-मुली नेतात ती पुस्तके, या तीन कपाटांशी मला ही गोष्ट सर्वांत जास्त जाणवते.

कादंबरीच्या बाबतीत वाचक स्वतःसाठी वाचतो आणि स्वतःच बोलतो, म्हणून तिथे गुंता तुलनेने कमी आहे. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली प्रसिद्ध झाली आणि आजही ती कपाटात फार दिवस टिकत नाही. तिच्याविषयी दोन मते मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. निवृत्त झालेले एखादे सभासद म्हणतात की हिच्यात कथानकच नाही, काही घडत नाही. वसतिगृहात राहणारा एखादा विद्यार्थी ती परत करताना सांगतो की काहीच घडत नाही हे इतके खरे आजवर कोणी लिहिले नव्हते. खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला, स्वतःचे वय पंचवीस सांगणारा पांडुरंग सांगवीकर दोघांनाही सारखाच दिसला आहे; दोघांचे निरीक्षण एकच आहे आणि दोघांचेही बरोबर आहे. निराळे आहे ते त्या दोघांचे आयुष्यातले ठिकाण. 'कथानक नाही' एवढेच वाक्य कोऱ्या पानावर उरते तेव्हा पुढच्या वाचकाला तो निकाल वाटतो, आणि ज्या मुलाला हे पुस्तक नेमके हवे होते तो ते कपाटात परत ठेवून देतो. म्हणून कादंबरी आवडली नाही असे सांगणाऱ्याला मी नेहमी विचारते की काय दिसले म्हणून आवडली नाही. दिसलेली गोष्ट सांगितली की ऐकणारा आपला निर्णय आपण करू शकतो.

ऐतिहासिक आणि पौराणिक कादंबऱ्यांच्या बाबतीत मात्र एक वेगळी अडचण आहे, आणि ती मला गंभीर वाटते. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ची, शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ची. दोन्ही पुस्तकांनी मराठी घरांमध्ये वाचनाची गोडी लावली, यात शंका नाही. पण 'माधवराव पेशव्यांचा इतिहास समजला' किंवा 'कर्णाची खरी हकिगत कळली' असे मत जेव्हा ऐकू येते, तेव्हा कादंबरीकाराने केलेले सगळे काम त्या एका वाक्यात पुसले जाते. 'मृत्युंजय'मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण हे आपापल्या तोंडाने कथा सांगतात. ही रचना लेखकाची आहे आणि वाचकाला कर्णाविषयी जे प्रेम वाटते त्यात या रचनेचा वाटा मोठा आहे. वाचकाने ते ओळखून सांगितले, तर त्याचे मत पुस्तकालाही न्याय देते आणि महाभारतालाही.

मुलांच्या पुस्तकांपाशी आले की मत देणारा आणि वाचणारा ही दोन माणसे होतात. पुस्तक मुलाने वाचलेले किंवा ऐकलेले असते आणि त्याविषयी बोलतात आई, बाबा किंवा आजोबा. पालकांचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो की यातून बोध काय मिळतो. दुसरी तक्रार अशी की चित्रे फार आणि मजकूर थोडा, एवढ्याशा वाचनासाठी एवढी किंमत कशाला. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' किंवा 'यश' यांसारखी पुस्तके याच कारणाने परत येताना मी पाहिली आहेत, आणि त्याच पुस्तकांपाशी लहान मुले जमिनीवर बसून एकेका पानावर किती वेळ थांबतात हेही पाहिले आहे. वाचता न येणारे मूल चित्रातल्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर काय काय ठेवले आहे ते बोट लावून सांगते, आपल्या घरी काय नाही ते सांगते, आणि आजीच्या चेहऱ्यावरून आजी रागावली आहे की थकली आहे यावर शेजारच्या मुलाशी वाद घालते. ते वाचनच आहे. मजकूर मोजणाऱ्या मोठ्या माणसाला ते दिसत नाही, कारण त्याने पान उलटायला लागणारा स्वतःचा वेळ धरलेला असतो.

मुलाचे मत शब्दांत क्वचितच येते. त्याला पुस्तक आवडले की ते तेच पुस्तक पुन्हा मागते, झोपताना मागते, गोष्टीत एक शब्द बदलला तर लगेच अडवते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचलेला मुलगा चार दिवस 'टॉक्' करत हिंडतो. त्याच्या आईला त्या कथांत मूल्यशिक्षण सापडले नाही तरी मुलाने आपले मत देऊन टाकलेले असते. कंटाळलेले मूलही शिष्टाचाराने 'छान होतं' म्हणते, कारण मोठ्यांना तेच ऐकायचे असते हे त्याला लवकर कळते. म्हणून 'माझ्या मुलीला आवडले' या वाक्यापेक्षा 'माझ्या मुलीने हे सलग तीन रात्री वाचायला लावले आणि चौथ्या रात्री तिनेच मला वाचून दाखवले' या वाक्यावर मी अधिक विश्वास ठेवते.

'श्यामची आई'चा विचार या संदर्भात मला फार महत्त्वाचा वाटतो. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि त्याची मांडणी 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी, सांगण्यासाठी आणि ऐकण्यासाठी केलेली आहे. आज त्याविषयी दोन टोकांची मते येतात: आजोबा म्हणतात की प्रत्येक मुलाने ते वाचलेच पाहिजे, आणि तरुण आई म्हणते की ते फार रडवते, आजच्या मुलांना ते नको. दोघांनीही पुस्तक बहुधा आपापल्या लहानपणी वाचलेले असते आणि मुलाच्या हातात ते एकट्याने वाचायला दिलेले असते. ज्या घरांमध्ये कोणी मोठे माणूस रोज एक प्रकरण मोठ्याने वाचते, त्या घरांतून येणारी मते मला निराळी ऐकू येतात; तिथे मूल मध्येच प्रश्न विचारते, श्यामचे चुकले की आईचे यावर बोलते, आणि रडू आले तरी जवळ कोणीतरी असते. पुस्तक कसे वाचले गेले हे मतात आले नाही, तर आजोबा आणि आई एकमेकांशी वाद घालत राहतात आणि मुलाचा प्रश्न तसाच उरतो.

याच कपाटापाशी मला आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'चा निवेदक लंपन हा लहान मुलगा आहे, म्हणून पालक ते पुस्तक मुलांसाठी नेतात आणि कानडी वळणाची मराठी मुलांना कळत नाही, अशी तक्रार घेऊन परत आणतात. मुलाविषयीचे पुस्तक आणि मुलासाठीचे पुस्तक यांत फरक असतो. लंपनच्या कथा मोठ्या माणसाने आपले बालपण मागे वळून पाहावे तशा वाचायच्या आहेत, आणि त्या भाषेची गोडी कळायला बेळगावकडचा असण्याची गरज नाही. थोडे सावकाश वाचण्याची मात्र आहे.

आता तिसरे कपाट. अभिनयाविषयीची पुस्तके नेणारे सभासद थोडे आहेत, पण त्यांच्याइतक्या आशेने पुस्तक नेणारे दुसरे कोणी मी पाहिलेले नाही. एकांकिका स्पर्धांचे दिवस जवळ आले की महाविद्यालयातली मुले येतात; एखाद्या करंडकाच्या प्राथमिक फेरीत काम केलेली मुलगी मुंबईला जाऊन मालिकांसाठी ऑडिशन द्यायच्या विचारात असते आणि तिला 'सगळे सांगणारे' पुस्तक हवे असते. या पुस्तकांवर बहुतेक मते वाचून झाल्या झाल्या दिली जातात: 'फार उपयुक्त', 'प्रेरणादायी', 'नवीन कलाकारांनी वाचावेच'. इथे माझा आक्षेप आहे. कादंबरीचे मत वाचून संपल्यावर देता येते. अभिनयाच्या पुस्तकाचे मत तालमीत आणि प्रयोगात ते वापरून पाहिल्यावरच देता येईल. पोहण्याचे पुस्तक काठावर बसून वाचले आणि ते उत्तम आहे असे सांगितले, तर ऐकणाऱ्याने ते कशाच्या भरवशावर मानायचे?

अर्ध्यावर मत बनवले की काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण याच विषयात आहे. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्की यांचे 'ॲन ॲक्टर प्रिपेअर्स' १९३६ साली इंग्रजीत आले. एका नाट्यविद्यार्थ्याच्या रोजनिशीच्या रूपात लिहिलेले हे पुस्तक कादंबरीसारखे वाचता येते, के. नारायण काळे यांनी 'अभिनय साधना' या नावाने ते मराठीत आणले. पण हा शिक्षणक्रमाचा एक भाग होता, नटाच्या आतल्या तयारीचा. आवाज, उच्चार, शरीर, लय यांविषयीचा दुसरा भाग, 'बिल्डिंग अ कॅरेक्टर', इंग्रजीत यायला १९४९ साल उजाडले, आणि लेखकाचे निधन तर १९३८ मध्येच झाले होते. मधल्या तेरा वर्षांत इंग्रजी वाचणाऱ्या नटांनी आणि शिक्षकांनी पहिल्या भागावरूनच समजून घेतले की या माणसाचे सारे शिक्षण म्हणजे भावना आठवून काढणे. तो समज आजही माझ्यासमोर उभा राहतो: मुलगा पुस्तक परत करताना सांगतो की आपल्याला भूमिका 'आतून' करायची आहे, आणि त्याचा आवाज मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही. पुस्तक वाईट नाही, मुलगाही आळशी नाही. त्याला हे पुस्तक वाचायला सांगणाऱ्याने दुसऱ्या भागाचे नाव घेतले असते, तर पुष्कळ फरक पडला असता.

मराठीत या विषयाची मार्गदर्शक पुस्तके थोडी, म्हणून वाचक नटांची आत्मचरित्रे मार्गदर्शक म्हणून वाचतात. डॉ. श्रीराम लागू यांचे 'लमाण' हे त्यांतले सर्वाधिक मागणीचे. त्याविषयी मी वारंवार ऐकलेले मत असे की डॉक्टरी सोडून रंगभूमीवर येण्याचे धैर्य या पुस्तकातून मिळते. मला हे मत अपुरे वाटते आणि तरुण वाचकासाठी ते थोडे धोक्याचेही वाटते. कान-नाक-घशाचे शल्यविशारद असलेल्या लागूंनी १९६९ मध्ये पूर्णवेळ अभिनय करायचे ठरवले तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले होते, आणि त्याआधी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये व इतरत्र त्यांनी वर्षानुवर्षे नाटके केली होती. पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' आले. व्यवसाय सोडण्याचा तो दिवस पुस्तकात आहेच, पण त्यामागचा तालमींचा काळही त्याच पुस्तकात आहे. वाचकाने आपल्या मतात फक्त तो दिवस उचलला, तर ऐकणारा मुलगा नोकरी आधी सोडतो आणि तालमीचे नंतर पाहू म्हणतो.

व्यवसायाच्या बाजूने लिहिलेल्या पुस्तकांविषयी तर वाचकांनी फार स्पष्ट बोलायला हवे. फोटो कसे काढावेत, ऑडिशनला काय पाठ करून जावे, कोणाला भेटावे, हे तपशील लवकर जुने होतात. म्हणून ती माहिती कोणत्या साली वाचली आणि त्या वेळी ती खरी ठरली का, हे सांगणारे मत अत्यंत उपयोगाचे असते. नाटकात 'नाईट', म्हणजे एका प्रयोगाचे मानधन, किती मिळते, दौऱ्यावर खर्च कोण करतो, मालिकेचे पैसे हातात यायला किती महिने लागतात, याविषयी बहुतेक पुस्तके गप्प असतात, आणि ही उणीव फक्त काम करून आलेला वाचकच दाखवू शकतो. भूमिका देण्यासाठी आधी पैसे मागणाऱ्या माणसापासून दूर राहा, हे एक वाक्य पुस्तकात आहे की नाही एवढे जरी कोणी सांगितले, तरी मुलीला एकटीला शहरात पाठवणाऱ्या आईबाबांना ते पन्नास 'प्रेरणादायी' शेऱ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

या विचारातून आम्ही वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर मतांसाठी एक वेगळी वही ठेवली आहे, म्हणजे कोऱ्या पानांना थोडी विश्रांती मिळेल. वहीत नाव लिहायची सक्ती नाही, पण वय, पुस्तक कितव्या पानापर्यंत वाचले आणि कशासाठी नेले होते, हे लिहायची विनंती केली आहे. मुलांच्या पुस्तकासाठी पालकांना सांगतो की मुलाने काय केले ते लिहा, आणि मूल सांगत असेल तर त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या. अभिनयाच्या पुस्तकांखाली अर्धे पान मोकळे सोडतो, प्रयोग झाल्यावर त्याच वाचकाने पुन्हा येऊन लिहावे म्हणून. त्यातली बरीच अर्धी पाने अजून रिकामी आहेत, कारण मुले शिकायला किंवा कामाला बाहेरगावी जातात. सुट्टीत घरी आलेल्यांना मी आठवणीने वही पुढे करते. जे पुस्तक अर्ध्यावर सोडले त्याविषयी मात्र कोणीच लिहीत नाही, आपल्याला तो अधिकार नाही असे वाचकांना वाटते. तो त्यांना आहे. कोणत्या पानावर सोडले आणि तिथे काय चालले होते, एवढे लिहिले तरी पुढचा वाचक त्या पानापाशी अधिक सावधपणे पोहोचेल, आणि कदाचित ते ओलांडूनही जाईल.