नॉर्मल रिपोर्टनंतरचा एमआरआय

"रिपोट त नारमल आला म्हन्ता गुरुजी, मंग पोराले पुन्हा मशिनीत कायले घातलं?" पानठेल्यावर, एसटीत, वावराच्या धुऱ्यावर हे इतक्यांनी विचारलं आहे की एकदाचं लिहूनच टाकतो.

पोरगा दहाचा होता तेव्हा एका सकाळी त्याच्या हातातला चहाचा कप उडाला. पडला नाही, उडाला. मग रोजचंच झालं. कुकरची शिट्टी वाजली की खांदा झटकायचा, एसटीत झाडांआडून ऊन लपलपलं की मान. पहिली मोठी फीट आली तेव्हा कोणी चप्पल हुंगवली, कोणी कांदा फोडला. डॉक्टरांनी फेनिटॉइन नावाचं औषध दिलं. इतर मिरगीत ते चालतं, याचे झटके मात्र वाढले. या आजारात ते टाळायचं असतं हे आम्हाला कळायला दोन वर्षं गेली.

रक्ताच्या जनुकीय तपासणीत नाव निघालं, उनफेरिख्ट-लुंडबोर्ग. मिरगीचाच एक प्रकार, दोन डॉक्टरांच्या नावाचा. पहिल्याने १८९१ साली, दुसऱ्याने १९०३ साली हा आजार लिहून ठेवलेला. तसा दुर्मीळ, पण फिनलंडमध्ये त्यातल्या त्यात जास्त. २१व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकाशी डीएनएच्या १२ अक्षरांचा तुकडा असतो. निरोगी माणसात तो दोन-तीनदा येतो, या रुग्णांत बहुतेक वेळा तिसाच्या वर. आईकडून एक आणि बापाकडून एक, अशा दोन्ही प्रती बिघडलेल्या आल्या तरच आजार होतो. बायको माझ्या मामाची मुलगी. गावाने सगळा दोष तिच्या पदरात घातला होता; कागदावर निम्मा माझा निघाला. हे मात्र कोणी विचारत नाही.

आता मशीन. पहिला एमआरआय नजरेने वाचलेला होता. गाठ नाही, व्रण नाही, म्हणून नॉर्मल. २०१७ साली गुलाबी बोंडअळी आली तेव्हा आमची पऱ्हाटीही धुऱ्यावरून हिरवीगारच दिसत होती. बोंड फोडलं की कळायचं. मेंदू फोडता येत नाही, म्हणून मोजतात. मेंदूवरची करडी साल साधारण २ ते ४ मिलिमीटर जाड असते. फिनलंडच्या संशोधकांनी अशा बऱ्याच रुग्णांचे स्कॅन निरोगी माणसांच्या स्कॅनशी संगणकावर ताडले, तेव्हा हालचाल सांभाळणाऱ्या पट्ट्यात ती साल पातळ झालेली सापडली. एकट्या पोराच्या फिल्ममध्ये एवढा फरक डोळ्याला कुठून दिसणार?

नागपूरच्या डॉक्टरांना अशाच मोजमापासाठी स्कॅन हवा होता. याने तुमच्या मुलाची गोळी बदलणार नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं. मी हो म्हटलं. का, ते नीट सांगता येत नाही. 'नॉर्मल' या शब्दाचा राग आला होता, हे एक खरं.

पण ज्याला आवाजाने झटके येतात त्याला निपचित झोपवायचं, तेही कानाशी घण घातल्यासारखं ठोकणाऱ्या नळकांड्यात. हललं की चित्र फिसकटतं. पहिल्या खेपेला फिसकटलंच. दुसऱ्यांदा गुंगीचं औषध देऊन झालं.

आत नेण्याआधी अंगावरचं धातूचं सगळं काढायला लावतात. करगोट्यातला तांब्याचा ताईत बायकोने सोडवला, पदराच्या गाठीत बांधला. परतताना गणेशपेठ स्टँडवर गाडी लागायच्या आधीच तिने तो त्याच्या कमरेला पुन्हा बांधला. मी पिशवी धरून उभा होतो.