कौलं, काच आणि माकडं

आज राजापूरजवळच्या एका साइटवर दोन तास भांडून आले. भांडण म्हणजे, चहा पीत पीत. काकांना मुंबईहून निवृत्त होऊन गावी घर बांधायचंय. माझ्या ड्रॉइंगमध्ये मंगलोरी कौलांचं उतरतं छप्पर, गिलावा न केलेल्या जांभ्या चिऱ्यांच्या भिंती आणि पुढे लांब पडवी. काकांनी मोबाइल काढला. सपाट स्लॅब, निळी काच, दोन मजले उंच खांब.

"असं इलेव्हेशन पाहिजे. चिऱ्याचं घर आजोबांचंही होतं. मग मी ३५ वर्षं नोकरी कशाला केली?"

मी पावसाचं पुराण लावलं. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, स्लॅब गळला की डोक्यावर पत्रा येणार, पश्चिमेच्या काचेमागे मे महिन्यात पापड भाजतील. शेजारच्या बंगल्यावरचा पत्राच दाखवला. काका गप्प.

तेवढ्यात काकू गरे घेऊन आल्या. "पडवी हवीच. पण कौलं नकोत हो. माकडं उड्या मारून फोडतात, आणि शाकारायला हल्ली माणूस मिळतो कुठे? ह्यांचे गुडघे बघितलेत का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कॉलेजात माकडांचा पेपर नव्हता.

शेवटी ठरलं ते असं: उतरता स्लॅब, वर कौलं सिमेंटात बसवलेली, म्हणजे एखादं फुटलं तरी घर गळणार नाही. पडवी राहिली. काच फक्त जिन्याला, उत्तरेकडून. खांबांचं पुढच्या खेपेला बघू.

गाडीत बसताना काका हळूच म्हणाले, "पण निळीच ना?"